मावशीकडे दिलंय

९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर थांब. आत तुझ्या लेकीचं आहे. झिपरी बरी आहे, हातीपायी धड आहे, काल थोडं जेवलीसुद्धा. हे आधी लिहिलं म्हणजे उरलेलं तू खाली बसून वाचशील.

फोन केला असता, पण माझा फोन तू उचलत नाहीस, आणि तिने मला तुझीच शपथ घातली आहे की आईला फोन करायचा नाही. पत्राबद्दल ती काही बोलली नव्हती. म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

पहिली गोष्ट. झिपरीला ज्या शाळेत नोकरी लागली म्हणून तू अख्ख्या गोतावळ्याला सांगत सुटलीस, ती माझीच शाळा. हो, तीच, जिथे मी फरशी पुसते. मी तिला बोलावलं नव्हतं. तिने जाहिरात बघून अर्ज केला आणि एक दिवस मोठ्या बाईंच्या खोलीत बसलेली दिसली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "मावशी, नव्या बाईंना पाणी द्या." मी पाणी दिलं. तिने पेला घेतला, वर बघितलं, आता ही रडते की काय असा चेहरा केला आणि म्हणाली, "थँक्यू, मावशी."

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. येणार कसं? शाळेत माझ्यासारखीला सगळेच मावशी म्हणतात. पोरं म्हणतात, शिकवणाऱ्या बाई म्हणतात, पोरांचे आईबाप म्हणतात, विजेचा मीटर बघायला येतो तो माझ्याहून वयाने मोठा माणूसही म्हणतो. मावशी, पाणी. मावशी, फडकं. मावशी, इकडे एकाने ओकलंय. एवढ्या सगळ्यांत एकटी तुझी लेक खरं बोलत होती आणि तेवढंच कुणाला कळत नव्हतं. आम्हा दोघींना त्याची केवढी मजा वाटायची!

तुला त्यात मजा वाटणार नाही, माहीत आहे. तुझ्या घरच्या कार्यात काय झालं ते मी विसरलेले नाही. तू सासरी सांगितलं होतंस की धाकटी शाळेत असते, आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं की शिकवते. तेवढ्यात आमच्या शाळेतली एक पालक तिथे पाहुणी म्हणून आली, मला बघून म्हणाली, "अय्या, मावशी तुम्ही! जरा ही ताटं उचला ना." आणि मी उचलली. नवी साडी नेसून, सगळ्यांच्या देखत, एकावर एक रचून उचलली. तू मोरीत मला गाठून म्हणालीस, "तिने सांगितलं म्हणून तू उचललीस कशाला?" मी हात धुवत राहिले. नंतर म्हणालीस, तुझ्या कामाची सावली माझ्या पोरीवर पडू देऊ नकोस. नाही पडू दिली गं. शाळेत मी तिच्याकडे मान वर करून बघत नव्हते. रविवारी ती वसतिगृहातून माझ्या खोलीवर यायची, मी तिचा तो गुंता विंचरायची आणि ती मोठ्या बाईंच्या नकला करायची. बस, एवढंच.

आता जे झालं ते. परवा आमचं काम बंद आंदोलन होतं. शिपाई, आया, सफाईवाले, स्वयंपाकघरातल्या बायका, आमच्या सगळ्यांच्या पगारात सरकार भर घालणार असा आदेश कधीचा निघालाय. पैसा सरकारचा, शाळेच्या खिशाला चाट नाही. तरी शाळा कागद पुढे पाठवत नव्हती. विचारलं की मोठ्या बाई म्हणायच्या, "प्रक्रियेत आहे." ती वाढ मला हवी होती, ताई. खोटं कशाला बोलू, फार हवी होती. शाळा सुटली की मी एका दवाखान्याच्या पायऱ्या पुसायला जाते. घरी येते तोवर काळोख झालेला असतो, आणि गुडघा प्रत्येक पायरीला शिव्या घालतो. वाढ मिळाली की ते काम सोडायचं ठरवलं होतं. दिवसाउजेडी घरी यायचं, खिडकीत बसून चहा प्यायचा, एवढा माझा बेत होता.

त्या काम बंदच्या दिवशी शाळा सुटताना एक लहान मुलगी हरवली. अगदी छोट्या वर्गातली. तिला मी बटण म्हणते, कारण तिचं गळ्याचं बटण सदा उघडं आणि ते लावून घ्यायला ती फक्त माझ्याकडे येते. ती सापडली. साधं खरचटलंही नाही. पण सापडली ती मला, आणि तिथेच सगळं उलटं फिरलं. आता बोलतात की मीच तिला नेलं होतं. पगारासाठी यांनी पोर पळवलं, असं बोलतात.

मी काहीही केलेलं नाही. झिपरीनेही नाही.

आज सकाळी पोलीस खोलीवर येऊन गेला. नीट बोलला, बूटही बाहेर काढले. जाताना म्हणाला, "गाव सोडून कुठे जाऊ नका." मी मेली कुठे जाणार? पण तो गेल्यापासून जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की मी दाराची कडी चाचपते. शेजारीण चहापूड मागायला आली तर मी दाराआड उभी राहून विचारलं, "कोण?"

तुझी धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचायला वेळ लागतो हे कळतं. तरी आज पोस्टमनच्या वाटेत उभी राहिले. तो म्हणाला, "मावशी, तुमचं काही नाही."

तुला नीट सांगते, नाहीतर तू भलतंसलतं मनात आणशील.

काम बंद म्हटल्यावर आमची कामं बाईंवर पडली. फाटकावर झिपरीला उभं केलं होतं, माझ्या जागेवर. आम्ही रस्त्यापलीकडे होतो, सगळे निळे एप्रन घालून. आमचा पुढारी म्हणजे घंटाकाका, शाळेची घंटा वाजवतो तो. तोच आदल्या दिवशी म्हणाला होता, "एप्रन घालून या रे सगळ्यांनी, नाहीतर लोकांना वाटेल आपण पोरं न्यायला उभे आहोत." तेव्हा आम्ही हसलो होतो.

शाळा सुटली. बटणच्या आईला यायला उशीर झाला. ती पोचली तेव्हा फाटकात झिपरी एकटीच. आईने विचारलं, "माझी मुलगी?"

झिपरी हसून म्हणाली, "मावशीकडे दिलंय तिला."

"कुठल्या मावशीकडे?"

"मावशीकडे हो, आपल्या."

"आपल्या कुठल्या? तिला मावशी नाहीये! मी एकटीच आहे माझ्या आईला!"

ती किंचाळली ते तुझ्या लेकीने मला सांगितलं. मी ऐकलं नाही, कारण आम्ही तोवर मोर्चाने शिक्षण खात्याच्या कार्यालयाकडे चालू लागलो होतो. घंटाकाकाला फोन आला आणि त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आम्ही सगळे शाळेकडे मागे फिरलो.

काय झालं होतं ते नंतर जुळवलं. बटणने रस्ता ओलांडला. ताई, एकटीने ओलांडला, त्या गाड्यांमधून! ते मनात आलं की मी अजून डोळे मिटते. आमच्या घोळक्यात शिरून तिने दिसेल तो निळा एप्रन धरला. तो स्वयंपाकघरातल्या बाईचा निघाला. तिला वाटलं एप्रन कठड्याला अडकला, तिने झटका देऊन सोडवला आणि पुढे चालू लागली. बटणने वर बघितलं असेल, चेहरा भलताच. आणि आम्ही सगळे निघून गेलो.

लोक शाळेत शोधत होते, गटारात बघत होते, कुणीतरी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. मी मध्येच उभी होते. आणि मला आठवलं की रोज संध्याकाळी बटण आईच्या गाडीवरून बागेतून घरी जाते तेव्हा मी दवाखान्याच्या बससाठी बसथांब्यावर उभी असते आणि ती मला टाटा करते. तिने मला शाळेबाहेर दुसरीकडे कुठे बघितलंच नाही. मी धावले. या गुडघ्याने धावले.

थांब्याच्या बाकावर बसली होती. पाय हलवत. मला बघून तक्रार केल्यासारखी म्हणाली, "तू घरी नव्हतीस."

तिला वाटतं मी तिथेच राहते.

मी खाली बसले आणि तिचं बटण लावलं. दुसरं काही सुचलंच नाही. तेवढ्यात तिची आई, पोलीस, मोठ्या बाई, सगळे कोपऱ्यावरून आले. त्यांनी काय बघितलं? मी, ती, आणि तिच्या गळ्याशी माझे दोन्ही हात. पोलिसाने विचारलं, "ती इथे आहे हे तुम्हाला कसं माहीत?" आता तूच सांग, मी काय सांगायला हवं होतं? मावशीकडे दिली, मावशीजवळ सापडली. यात तिसरं कोण शोधायला जाणार?

झिपरीने फाटक का उघडलं ते विचारू नकोस. गडबड होती.

धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

अजून तुझं काही नाही. बरं.

मला पोरांपासून लांब ठेवलंय. मागच्या कोठीत जुने मोडके बाक आहेत, ते पुसायला दिलेत. पुसून करायचं काय विचारलं तर "बघू" म्हणाले. खिडकी उंचावर आहे, पोरांचे आवाज तेवढे येतात. काल बटण वर्गाबरोबर बाहेरून जाताना दारात थांबली आणि मान वर करून म्हणाली, "मावशी, बटण!" तिच्या बाईंनी तिला दंडाला धरून ओढलं. मी फडकं हातात घेऊन उभीच. पालक फाटकाशी आले की माझ्याकडे बोट करतात. एक बाप तर मोबाइलवर माझा फोटो काढून गेला. तो फोटो कुठे कुठे फिरेल या विचाराने मी रस्त्याने तोंड झाकून चालते. तोंड झाकलं तर लोक जास्तच बघतात, हेही कळलं.

खरी भीती ती नव्हे. खरी पुढे आहे.

आता सरकारकडून साहेब येणार चौकशीला. आणि आदेशात अट अशी आहे म्हणे, की आमच्यापैकी कुणावर चौकशी लटकलेली असेल तर शाळेचा कागद सरकार घेत नाही. महिनाअखेरपर्यंत कागद गेला नाही तर यंदाचा पैसा परत, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे माझ्या एकटीमुळे सगळ्यांची वाढ अडकली. घंटाकाका काल कोठीत आला. मोडक्या बाकावर जपून बसला. म्हणाला, "मी तुला काही सांगायला आलेलो नाही."  बराच वेळ हाताचे तळवे बघत बसला. त्याच्या बायकोचं ऑपरेशन या वाढीवर थांबलंय हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. उठताना म्हणाला, "बाक मात्र चकाचक पुसलेत हां." ताई, तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

आज मोठ्या बाईंनी बोलावलं. मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली, तेव्हाच माझं धाबं दणाणलं.

म्हणाल्या, "मावशी, साहेब एकच विचारतील, मुलगी कुणाकडे दिली? तुम्ही म्हणायचं, माझ्याकडे. घेतली, आणि लक्ष चुकलं. वयाने होतं असं. तुम्हाला घरी बसावं लागेल, पण पोलिसांचं मी बघते. विषय मिटेल, बाकीच्यांची वाढ मोकळी होईल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि त्या नव्या बाईंवरही काही येणार नाही. बिचारी नवीन आहे."

त्यांना वाटलं बाकीच्या बोलण्याने मी गप्प झाले. शेवटच्या वाक्याने झाले होते.

झिपरी आता माझ्याकडेच राहते. वसतिगृहातल्या मुली तिला टोचून बोलतात. रोज शाळेत जाते, खाली मान घालून येते, भिंतीकडे तोंड करून पडते. परवा मला विचारलं, "मावशी, मला तुरुंगात टाकतील?" मी म्हटलं, "तुला ठेवायला त्यांच्याकडे कंगवा आहे का तेवढा मोठा?" हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

एक गोष्ट मी गाळली होती. ती लिहिल्याशिवाय हे पत्र तू वाचून उपयोग नाही.

शाळा सुटताना मी रोज फाटकाबाहेर उभी असते. न्यायला आलेलं माणूस ओळखीचं दिसलं की मी हात वर करते. तेवढ्या कलकलाटात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून हात. हात वर झाला की आतल्या बाई मूल सोडतात. माझ्या हाताचा अर्थ एकच, सोडा. नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईंना हे मीच शिकवते. झिपरीलाही मीच शिकवलं. पटकन शिकली.

त्या दिवशी मी रस्त्यापलीकडे आणि ती फाटकात. ऊन होतं. केस नेहमीसारखे पिंजारलेले, बटणचा हात धरलेला. बटणने मला बघून बोट दाखवलं, "मावशी!" म्हणाली असणार. झिपरीने वर बघितलं. सरळ माझ्याकडे बघितलं आणि मीही बघितलं. माझ्या मनात आलं, आज मी कामावर नाही. आज मी शाळेची मावशी नाही. म्हणजे आज मी हिची असले तर काय बिघडलं?

आणि मी हात केला. चांगला वर करून केला. आपल्या माणसाला लांबून करतो तसा.

ती हसली. तिने फाटक उघडलं आणि बटणला सोडलं. त्याच वेळी मागून घंटाकाकाने हाक मारली, "चला, निघायचं!" मी वळले. मी खुशीत होते गं. मी मागे बघितलंच नाही.

तिने हे पोलिसाला सांगितलेलं नाही. मावशीने हात केला असं एकदा जरी म्हणाली तरी तिची मान सुटते आणि माझी अडकते. म्हणून ती मूग गिळून बसली आहे आणि भिंतीकडे बघते. मलाही विचारत नाही की हात कसला होता. तिला वाटत असेल मी कामाचाच हात केला आणि आता कानावर हात ठेवलेत. मला वाटतं तिला सांगावं. पण सांगितलं तर ती सगळ्यांसमोर बोलेल, माझ्यावर नाही, तुझ्यावर गेली आहे ती.

साहेब आले की मी हो म्हणणार आहे. माझ्याकडेच दिली होती म्हणणार. तेवढं तोंडातून निघालं पाहिजे. आज खोलीत बोलून बघितलं, "हो साहेब, माझ्याकडे." आवाजच फुटेना. पोलिसांचं मी बघते असं मोठ्या बाई म्हणाल्या, पण कसं बघणार ते बोलल्या नाहीत. घरी बसल्यावर भाडं कशाने भरू? नुसत्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर? मला सगळ्याचीच भीती वाटते. जिन्यात पावलं वाजतात, परत लिहिते.

शेजारीण होती.

झिपरीला यातलं काही माहीत नाही. तू कळवू नकोस. म्हणजे, तू तिला काही कळवलंस तर मला आनंदच होईल, फक्त हे नको.

धाकटी


२२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. का ते शेवटी कळेल.

काल चौकशी झाली. मोठ्या बाईंच्या खोलीत लांब टेबल लावलं होतं. मधे साहेब, सर्दी झालेले, सारखं नाक पुसत होते. शेजारी टंकलेखन करणारा कारकून. एका बाजूला बटणची आई, दुसरीकडे मोठ्या बाई, झिपरी, घंटाकाका. मी दाराशी उभी, कारण मी नेहमी दाराशीच उभी असते. कोपऱ्यातल्या स्टुलावर पाण्याचा जग होता, मीच भरून ठेवलेला.

साहेबांनी विचारलं, "मुलगी कुणाकडे सोपवली?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशीकडे." आणि माझ्याकडे बघितलं. ती माझी वेळ होती.

मी तोंड उघडलं.  तेवढ्यात कारकुनाने मान वर केली, "साहेब, मावशी काय लिहू? नातं की पद?"

साहेबांनी आदेश उलटसुलट चाळला. "पद... शालेय सहायक आहे, परिचर आहे, सफाई कामगार आहे. मावशी असं पद नाही."

घंटाकाका खोकला. मी म्हटलं, "साहेब, माझ्या..." आणि पुढचं गिळलं गेलं.

झिपरी उभी राहिली. खुर्ची मागे पडली, एवढ्या जोरात.

"नातं लिहा," ती म्हणाली.

साहेब वैतागले. "अहो, मुलीच्या आई सांगतायत की त्यांना बहीणच नाही."

"त्या मुलीचं नातं नाही. माझं. ही माझी मावशी आहे. माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण."

ताई, तुला काय सांगू. मावशी हा शब्द कानावर पडल्याबरोबर मी वळून पाण्याच्या जगाकडे गेले. त्या सगळ्या भीतीत, चौकशी चालू असताना, मी पेला उचलला! हाक आली की पुढे काम असतंच ना. मी पुढचं ऐकायला थांबले, पाणी कुणाला द्यायचं. पुढे काही आलंच नाही. तिने काहीच मागितलं नव्हतं. मी तो रिकामा पेला हातात धरून भिंतीला टेकले आणि रडले.

ती बोलत राहिली. पडलेली खुर्ची उचलायचंही तिला भान नव्हतं. म्हणाली, "त्या दिवशी ती कामावर नव्हती. तिने हात केला तो मला केला, भाचीला. रोज फाटकावर हात म्हणजे सोडा असा अर्थ असतो, म्हणून मी तसा समजले. बसथांब्यावरून आल्यापासून ती माझ्या नजरेला नजर देत नाही, तेव्हाच मला कळलं तो हात कसला होता. फाटक मी उघडलं. मुलीला रस्ता ओलांडताना मी शेवटपर्यंत बघायला हवं होतं. नाही बघितलं. चूक माझी आहे."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मी उगीच लपवत होते.

मी ओरडले, "हात माझा होता, साहेब!"

साहेबांनी नाक पुसलं. "हात करणं हा गुन्हा नाही, बाई. बसा तुम्ही."

बसायला जागा नव्हती. घंटाकाका उठला आणि त्याने मला त्याची खुर्ची दिली.

बटणची आई झिपरीला म्हणाली, "हे तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" झिपरी म्हणाली, "घाबरले." आईने मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. मला वाटलं आता ही काय बोलते. ती म्हणाली, "माझा तर जीव गेला होता." आणि मग पर्स खांद्याला लावत, "मी पोलिसांकडची तक्रार पुढे नेणार नाही." जाताना माझ्यापाशी थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते बटण ती घरी कुणालाच लावू देत नाही."

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. मावशी, नाते. सहायक कर्मचाऱ्यांचा संबंध नाही." त्या एका शब्दावर आमची चौकशी मिटली. कागद उद्या पुढे जाणार, वाढ मिळणार. बाहेर सगळे उड्या मारत होते. मला बघून गप्प झाले, मग कुणीतरी माझे खांदे दाबले. घंटाकाकाने शाळा सुटल्याची घंटा वाजवली ती हात दुखेपर्यंत.

आणि झिपरीला मोठ्या बाईंनी थांबवून घेतलं. हंगामीच होती. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या.

म्हणजे बघ, माझी वाढ तुझ्या लेकीच्या नोकरीवर बेतली. मी हात केला नसता तर ती आज वर्गात असती. काल उजेडात घरी आलो, दोघी. खिडकीत बसलो. चहा केला, कुणाच्या घशाखाली उतरला नाही. ती म्हणाली, "मावशी, आईकडे जाऊ या." मी म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "जाऊ या म्हटलं मी."

गाव सोडायला आता पोलिसाची हरकत नाही, विचारून आले. तेव्हा उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. मी दारापाशी थांबेन, ती आत येऊन तुझ्या हातात हे पत्र देईल. वाचून होईपर्यंत मी बाहेर पायरीवर आहे.

पोलिसाला घाबरले नव्हते एवढी मी तुझ्या दाराला घाबरते आहे. बोलायचं ते मला बोल, तिला नको, तिची वाचा गेल्या पंधरवड्यात एकदाच फुटली आहे आणि ती माझ्यासाठी फुटली. मला आत नाही घेतलंस तरी मी समजेन, परतीची गाडी दुपारी आहे.

पण घेतलंस, आणि तुझ्याकडे पाहुणे बसलेले असले, आणि त्यातल्या कुणी मला ओळखून म्हटलं की मावशी, जरा ताटं उचला, तर एक आधीच सांगून ठेवते. मी उठणार नाही. पाय कापतील, तरी झिपरीच्या शेजारी बसून राहीन. ताटं तू उचल, नाहीतर राहू देत तिथेच.

तुझी धाकटी,
झिपरीची मावशी